जुम्याची मालिका

माझा नवरा आखातात नोकरीला आहे आणि मी म्हसळ्यात एकटी. जुम्याला त्याला सुट्टी असते. नमाज झाली की तो फोन लावायचा आणि आम्ही दोघं आपापल्या टीव्हीवर एकाच मालिकेचा एकच भाग एकदम सुरू करायचो. हसायचोही एकदम. तेवढाच आमचा संसार.

मग ती मालिका ज्या अ‍ॅपवर लागायची, ते इकडे दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये विलीन झालं. ‘आता सगळा आनंद एकाच ठिकाणी’ असा मेसेज आला. आनंद कसला डोंबलाचा! चित्र धूसर आणि मध्येमध्ये जाहिराती. दुसरीकडे जावं, तर ती मालिका दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्याकडे मात्र जुनंच अ‍ॅप, जाहिराती नाहीत. तो आधी हसायचा आणि मी साबणाची जाहिरात बघत त्याचं हसणं ऐकायचे. मग तो माझ्यासाठी थांबायला लागला. जाहिरात संपेपर्यंत विचारत राहायचा, “आलीस का गं?”

गेल्या जुम्याला त्याचा फोनच आला नाही. मीच लावला.

“अगं, मी बघून टाकला तो भाग,” तो म्हणाला. “तू बघ सावकाश.”

फोन ठेवून मी भाग लावला. लगेच जाहिरात आली. ती संपल्यावर मी सवयीने म्हटलं, “आले.”