आंटींना जिंकू देणं

मँचेस्टरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कामांची यादी केली होती. बँकेचं खातं, जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरकडे, नोंदणी, कौन्सिल टॅक्स, मुलीची शाळा. मैत्रिणी त्या यादीत नव्हत्या, कारण ते काम कुठे जाऊन करायचं हेच मला माहीत नव्हतं. चाळिशीनंतर मैत्रिणी आपोआप होत नाहीत. एका शनिवारी मुलीची पुस्तकं परत करायला लायब्ररीत गेले, तर वरच्या खोलीतून खडी ओतल्यासारखा आवाज आला. डोकावले. तीन बायका चौकोनी टेबलावर हातांनी सोंगट्या घोळत होत्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी मला म्हणाली, "चौथी हवीच आहे. बस."

"मला येत नाही."

"दारात उभं राहून येणारही नाही."

त्या आंटी. मूळच्या हाँगकाँगच्या. नवऱ्याबरोबर आयुष्यभर टेकअवे, म्हणजे बांधून न्यायच्या जेवणाचं दुकान, चालवलेलं, आता एकट्या. दुसरी मलेशियातली चिनी, निवृत्त नर्स. आंटींची भाषा तिला यायची. तिसरी इथलीच, शाळेच्या किचनमध्ये काम केलेली आणि तोंडाने फटकळ. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, पण आंटींशी बोलताना माझ्या मनात कायम 'तुम्ही'च असायचं.

माहजाँग म्हणजे थोडक्यात सोंगट्यांची रमी. खेळायला चौघी लागतात. प्रत्येकीसमोर तेरा सोंगट्या उभ्या. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जमली की डाव जिंकला. दुसरीने टाकलेली सोंगटी आपल्याला हवी असेल तर तीही उचलता येते. पैसे लावायचे नाहीत असं ठरलेलं होतं, म्हणून गुणांसाठी मी घरून राजमा न्यायचे.

"हिचा राजमा हिच्या खेळापेक्षा पक्का आहे," किचनवाली म्हणायची. खरंच होतं ते. आंटी उचललेली सोंगटी बघायच्यासुद्धा नाहीत. खालच्या कोरीव चित्रावरून अंगठा फिरवायच्या आणि नको असेल तर तशीच टाकून द्यायच्या. मी मात्र दोन्ही हातांत धरून चष्म्यातून वाचायचे. "ते पत्र नाहीये," आंटी म्हणायच्या.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दोन ट्राम बदलून घरी आल्या, हातात तांदळाच्या पेजेचा डबा. आपल्या पेजेसारखीच, फक्त आलं जास्त. मी सोफ्यावर बसून पेज प्यायले आणि त्यांनी न विचारता माझी भांडी घासून टाकली. आई गेल्यापासून माझ्या सिंकपाशी असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्या सारख्या विचारू लागल्या, पाळी कुणाची. अंगठा फिरवून झाल्यावर सोंगटी उलटून बघू लागल्या. त्यांच्या मुलाने नर्सला फोन करून सांगितलं की तपासण्या झाल्यात, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. एका शनिवारी आंटींपुढचा राजमा संपला. रिकाम्या जागेकडे बघत त्या म्हणाल्या, "आता मला जमत नाही वाटतं. पुढच्या वेळेपासून दुसरी कुणी बघा."

त्या दिवशी चहाचे कप धुताना आम्ही तिघींनी ठरवलं. खरं तर मीच ठरवलं, त्या दोघींनी माना हलवल्या. अवघड काही नव्हतं. हल्ली आंटींच्या सोंगट्या पुढे कलायच्या, त्यांना काय हवंय ते दिसायचं. ते टाकायचं.

आंटी जिंकू लागल्या. चेहऱ्यावर तजेला आला. किचनवालीच्या खेळाची पुन्हा टिंगल सुरू झाली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

मग एकदा डाव जिंकल्यावर त्यांनी हात लांब करून माझ्या सोंगट्या उताण्या केल्या. हे कुणी करत नाही. त्यात सात बांबूंचं चित्र असलेल्या दोन सारख्या सोंगट्या होत्या. तिसरी मी आत्ताच टाकली होती, माझा तयार संच मोडून, आणि तिच्यावरच त्या जिंकल्या होत्या.

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"सासू मरेपर्यंत मी तिला असंच जिंकू दिलं," आंटी म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्या सुना देतात. सासू खूश होते आणि सुना एकमेकींकडे बघतात. तुम्ही आत्ता तसंच बघितलंत."

"आंटी, आम्हाला फक्त तुम्ही यायला हव्या होतात," मी म्हणाले.

"मग मला हरवा. मी हरायला येईन. सासू होऊन येणार नाही."

आम्ही तिघींनी शब्द दिला.

त्यानंतर त्या बहुतेक वेळा हरल्या. वैतागायच्या, किचनवालीला चोर म्हणायच्या, पण येत राहिल्या. उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने लंडनजवळ स्लाऊला, त्याच्या घराजवळच्या वृद्धांच्या केअर होममध्ये जागा घेतली. सोमवारी तो त्यांना नेणार होता. त्याआधीच्या शनिवारी नर्स त्यांना घेऊन आली.

शेवटच्या डावात आंटींनी एक सोंगटी उचलली, अंगठा फिरवला, हसल्या आणि सगळ्या सोंगट्या टेबलावर आडव्या केल्या. डाव जिंकल्याची खूण.

त्यात काहीच नव्हतं. एकही संच नाही, जोडीसुद्धा नाही.

खोटा डाव उघडणारीने बाकी प्रत्येकीला दंड भरायचा, असा नियम आहे. किचनवाली खिडकीबाहेर बघू लागली. नर्स माझ्याकडे बघत होती. 'वा आंटी' म्हणून सोंगट्या घोळायला घ्यायच्या, एवढंच करायचं होतं. त्यांना कळलंही नसतं. माझा हात त्यासाठी पुढे गेलासुद्धा.

मी म्हणाले, "आंटी, हा डाव लागलेला नाही. दंड बसेल."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी एकेक सोंगटी तपासून बघितली. मग त्यांनी आपल्या ढिगातला राजमा उचलून आम्हा तिघींपुढे ठेवला, बरोब्बर ठेवला, आणि नर्सच्या कानाशी वाकून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. नर्सने दोन शब्दांत उत्तर दिलं. आंटी पुन्हा काही बोलल्या आणि चहाकडे वळल्या.

आंटींना घरी सोडून नर्स ट्रामच्या स्टॉपवर आली तेव्हा मी तिची वाटच बघत होते. त्या काय म्हणाल्या, ते तिला सांगायचं नव्हतं. मी सोडलं नाही.

"त्यांनी विचारलं, समोर बसलीय ती बाई कोण," ती म्हणाली. "मी म्हटलं, मैत्रीण आहे आपली."

"मग?"

"म्हणाल्या, ही मला फसवत नाही. पुढच्या शनिवारी हिलाही बोलाव."