आमचं शेत नव्या मशीनमध्ये येईल का

शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी फोन उघडला आणि जेवण तसंच राहिलं. आमच्या घरी जे गेमचं मशीन आहे, त्याच्या पुढच्या मॉडेलबद्दल कुणीतरी लिहिलं होतं. जुन्या मशीनवर डाउनलोड करून घेतलेले सगळेच खेळ नव्यावर चालतील असं नाही, कंपनी अजून नीट सांगत नाही, एवढाच मजकूर. मी तो तीनदा वाचला. शेजारच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "काय गं, काय झालं?"

मी सांगितलं.

"घरात लहान मूल नाही, मग गेम कोण खेळतं?"

"सासूबाई."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पुढचा तास आठवीवर होता. फळ्यावर त्रिकोण काढता काढता माझं लक्ष सारखं त्या बातमीकडे जात होतं. एका मुलीनं हात वर करून सांगितलं, बाई, कोनांची बेरीज चुकली.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आमच्या घरात तेलुगू बोलतात, वडील चादरीच्या मागावर होते. नवरा मंगळवेढ्याचा. त्यांच्या घरात कन्नड, बाहेर मराठी. लग्न आम्ही आमच्या मनानं केलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी लग्नात काही अडवलं नाही, आशीर्वाद दिला, साडी नेसवली. पण त्यापुढं बोलल्या नाहीत. भांडण नव्हतं. मी पाणी दिलं की घ्यायच्या, ताट वाढलं की जेवायच्या. मी फोनवर माझ्या आईशी तेलुगूत बोलायला लागले की उठून आत जायच्या. त्यांना वाटायचं मी त्यांच्या तक्रारी सांगतेय, आणि मला वाटायचं त्या कन्नडमध्ये माझ्याबद्दल बोलतात. चार वर्षं अशीच गेली.

मग एका एप्रिलमध्ये आत्या मंगळवेढ्याच्या घरी नळापाशी घसरल्या. पायाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून त्यांना आमच्याकडे जुळे सोलापूरला आणलं. सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता. मला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, आणि नवरा औषध कंपनीच्या कामावर, आज बार्शी-वैराग तर उद्या करमाळा-जेऊर. घरात कूलर एकच, तो हॉलमध्ये. मे महिन्यातल्या सोलापुरात दुसऱ्या खोलीत बसायची सोय नसते. म्हणून आम्ही दोघी दिवसभर हॉलमध्ये, समोरासमोर, काही न बोलता.

टीव्हीही हॉलमध्येच होता. दर सुट्टीत मी शेतीचा एक खेळ खेळायची. एक छोटंसं गाव, एक ओढा, मोकळी जमीन. आपण नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं, काढायचं. सासूसमोर खेळायची लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून मी तो लावला. आत्या तासभर बघत राहिल्या.

"त्या रताळ्याला किती पानी घालतीस?" त्या म्हणाल्या.

"ते सलगम आहे, आत्या."

"काय का असंना. मुळं कुजतील की."

मी सांगितलं, या खेळात रोज पाणी घालावं लागतं, नाहीतर पीक वाळतं. त्यांना ते पटेना. "आमच्याकडं ज्वारी पेरल्यावर तिला पानी कोन दावतंय? दवावर येती. ह्यो खेळ करनाऱ्यानं काळी जमीन बघितलेली न्हाय."

मी दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ताटलीसारखा तळहातावर धरला. पहिल्या दिवशी त्यांची बाहुली ओढ्याच्या काठाला जाऊन अडकली आणि तिथंच पाय हलवत राहिली. आठवड्याभरात आत्यांनी पाच वाफे केले. मी लावलेला भोपळा त्यांनी उपटला, कारण तो दोन ओळी सोडून लावायला हवा होता. वाद झाला. आमचा तो पहिलाच वाद, आणि मला फार बरं वाटलं.

झारी रिकामी झाली की आत्या पुटपुटायच्या, "नीरु, नीरु." एकदा फोनवर मी आईला नळाला पाणी आलं का असं विचारून फोन ठेवला, तर आत्या म्हणाल्या, "तुमच्यात पन नीरूच म्हंत्यात व्हय?"

"आम्ही नीळ्ळु म्हणतो."

"आन मीठ?"

"उप्पु."

"आमचं बी उप्पु." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "दूध?"

"पालु."

"आमचं हालु."

त्या दिवसानंतर मी फोनवर बोलताना त्या उठून गेल्या नाहीत.

प्लास्टर निघालं, आत्या गावी गेल्या. पण मग त्या यायला लागल्या. महिना-दीड महिन्यानं एसटीनं यायच्या, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी. हातपाय धुतले की टीव्हीसमोर. तीन वर्षांत आमचं शेत ओढ्याच्या पलीकडे गेलं. खेळताना दोघींचे डोळे पडद्यावर असतात, एकमेकींकडे बघावं लागत नाही, म्हणून असेल, त्या नको ते विचारायच्या आणि मीही सांगायची. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. ते मी घरात कुणाशीच बोलत नव्हते. भोपळे काढता काढता आत्यांना म्हणाले, की मला शाळेत लहान वर्गांवर जाववत नाही. त्यांनी आपला रिमोट थांबवला नाही. "माजं दोन गेल्याली, तुजा नवरा व्हायच्या आदी," त्या म्हणाल्या. "तवा मला कुनी इचारलं न्हाय." मग म्हणाल्या, "त्यो कोपऱ्यातला ऱ्हायला बग भोपळा." मी तो काढला.

म्हणून ती बातमी वाचल्यावर माझा डबा तसाच राहिला. हे शेत कुठं आहे, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. आमच्याकडे त्या खेळाची डबी नाही, तबकडी नाही. बटण दाबून घेतला, मशीनमध्ये उतरला, एवढंच. मी कंपनीच्या अटी शोधून वाचल्या. त्यात लिहिलं होतं, की खेळ तुम्हाला विकलेला नाही, वापरायचा परवाना दिलाय. मग त्या खेळाचं पान उघडलं. ज्या छोट्या कंपनीनं तो केला होता ती बंद पडली होती, आणि खेळाची विक्री थांबली होती.

मी मदतकेंद्राला लिहिलं. तिकडून उत्तर आलं, "आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद. भविष्यातील उपकरणांबाबत सध्या माहिती उपलब्ध नाही."

मी लिहिलं, "माहिती कधी उपलब्ध होईल?"

"सध्या त्याबाबतही माहिती उपलब्ध नाही."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नवीन फोन घेतला की जुने नंबर येतात ना? तसंच असतं. तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस." तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी मात्र रोज शाळेतून आले की आधी मशीन चालू करायची, शेत उघडतंय का बघायची आणि बंद करायची. स्वयंपाक करता करता मध्येच हात पुसून जायची. आत्या आलेल्या असल्या की म्हणायच्या, "काय सारकं उठबस करतीस? बस की एका जाग्याला."

नवीन मॉडेल बाजारात आलं. साधारण महिनाभरानंतर एका गुरुवारी मी शाळेतून आले तर टीव्हीखाली नवं मशीन होतं, पांढरं, चकचकीत. जुनं नव्हतं. आत्या दिवाणावर बसलेल्या. म्हणाल्या, "सकाळी तू गेल्यावर त्यानं आनलं. तुला सांगू नगं म्हनला. जुनं दुकानात देऊन आला. मला वाटलं त्यातलं ह्यात घातलंय."

मी चप्पल न काढताच ते चालू केलं. नवऱ्याचं अकाउंट होतं, घेतलेल्या खेळांची यादी आली. एकेक नाव खाली सरकवत गेले. आमचा शेतीचा खेळ यादीत होता, पण त्याचं चित्र राखाडी झालेलं. दाबल्यावर ओळ आली, की हा खेळ या उपकरणावर उपलब्ध नाही.

नवऱ्याला फोन लावला. तो वैरागला एका डॉक्टरांच्या बाहेर बसलेला. नवी पेठेतल्या दुकानाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "अगं, तुला आवडेल म्हणून आणलं." मी फोन ठेवला. किल्ली घेतली तर आत्या उभ्या राहिलेल्या.

"मी बी येती."

"ऊन आहे, आत्या. तुमचा पाय."

"पायाचं काय झालंय? चल."

स्कूटरवर एका बाजूनं बसून त्यांनी माझा खांदा असा धरला की सात रस्त्याच्या सिग्नलपर्यंत तो दुखायला लागला. त्या दोनदा म्हणाल्या, हळू चालव. मला हळू चालवता येत नव्हतं. सारखं वाटत होतं, आत्ता, या क्षणाला तो माणूस ते करत असेल.

दुकान लहान होतं. काउंटरवर आमचं मशीन ठेवलेलं, त्याच्या कडेला पडलेल्या ओरखड्यावरून मी ते ओळखलं. दुकानदार तिशीतला, शांत माणूस. मी सगळं एका दमात सांगितलं.

"फॉरमॅट झालंय, मॅडम," तो म्हणाला. "आलं की पहिलं तेच करतो. दुसऱ्याचं काही आत ठेवत नाही मी."

त्याची चूक काहीच नव्हती.

"म्हंजे कुटं गेलं?" आत्यांनी विचारलं.

"कुठं गेलं नाही, आजी. पुसलं."

"आमचं शेत व्हतं त्यात."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, गेममधलं. आत्या काउंटरला हात टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे मशीन आमाला परत पायजे."

"आजी, तुमच्या मुलानं दिलंय. बदल्यात नवीन नेलंय."

"त्यानं दिलं असंल. पर मशीन माज्या सुनेचं हाय. तिला इचारलं न्हाय कुनी."

माझी सून हा शब्द त्यांनी कुणापुढं उच्चारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. दुकानदारानं वायर गुंडाळली, मशीन पिशवीत घातलं आणि म्हणाला, "उद्या नवीन आणून द्या. आज हे घेऊन जा."

घरी येऊन मशीन जोडलं. आता प्रश्न एवढाच होता, की विक्री थांबलेला खेळ ज्यांनी आधी घेतलाय त्यांना पुन्हा उतरवता येतो का. मशीन कोरं झालेलं, अकाउंट पुन्हा टाकावं लागलं. नवऱ्याच्या फोनवर आलेला आकडा त्यानं सांगायचा, मी भरायचा, दोनदा चुकला. यादी आली. खेळ होता, आणि इथं त्याचं चित्र रंगीत होतं, बाजूला खाली जाणारा बाण. मी दाबला. पट्टी सुरू झाली. ती इतकी सावकाश सरकत होती की मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून गॅलरीत अशा फेऱ्या घालत राहिले. नेट गेलं तर? लाइट गेली तर? मध्येच तिकडून कुणी बंद केलं तर?

"बस की," आत्या म्हणाल्या. मग स्वतःच उठून पट्टीजवळ जाऊन बघून आल्या.

खेळ उतरला. उघडला. आधी तिथं पुढे चालू ठेवा असं यायचं, आता फक्त नवीन शेत. पलीकडचा ओढा, भोपळ्याच्या ओळी, आत्यांनी बांधलेला गोठा, काहीच नव्हतं. सुरुवातीची तणानं भरलेली जमीन. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आत्या माझ्याकडे बघत होत्या, पडद्याकडे नाही. म्हणाल्या, "जमीन हाय न्हवं? मग."

नवरा संध्याकाळी आला. दारातच आत्यांनी त्याला विचारलं, "तुला तिला इचारता आलं न्हाय व्हय?"

"अगं आई, सरप्राइज..."

"तिचं व्हतं. माजं बी व्हतं. आमी तीन वरसं घातली त्यात."

तो माझ्याकडे वळला. "मला खरंच वाटलं सगळं आपोआप येतं," तो म्हणाला. आवाज उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः नवीन मशीन दुकानात देऊन आला. परत आल्यावर आमच्या मागं उभा राहून अर्धा तास बघत होता. कशात काय पेरतात ते त्याला कळत नव्हतं, आणि आत्यांना सांगायला वेळ नव्हता.

आता नवं शेत चौथ्या हंगामात आहे. माझं मन मात्र थाऱ्यावर आलेलं नाही. हे मशीन किती वर्षं चालेल, ते बिघडलं तर आणखी एक जुनं मिळेल का, आणि तोवर तिकडच्या यादीतला तो बाण राहील का? मी मदतकेंद्राला अजून लिहिते. माहिती उपलब्ध नाही. आता शेताचे फोटो काढून ठेवते, ओळ न् ओळ, आत्यांना ते हास्यास्पद वाटतं.

गेल्या रविवारी त्या खेळत होत्या, मी सहामाहीचे पेपर तपासत होते. मशीनच्या पंख्याचा आवाज एकदम वाढला. मी पेपर टाकून उठले, टीव्हीपुढं वाकून मशीनवर हात ठेवला. गरम होतं, पण नेहमीइतकंच. मी मागच्या जाळीत धूळ अडकलीय का बघायला लागले.

"म्होरनं सर," आत्या म्हणाल्या, "वांगी दिसंनात."