सभेला हजर: दोन

चंद्रहास पेडणेकरांना खोटं लिहिता येत नसे, आणि नेमका त्यांचा धंदाच लिहिण्याचा होता. वसई स्टेशनाजवळच्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात ते कारकून होते. लहानसहान प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची वार्षिक विवरणपत्रं तयार करायची, म्हणजे संचालक कोण, शेअर कोणाकडे, सभा कधी झाली हे सगळं भरायचं आणि मुंबईला रजिस्ट्रारच्या कचेरीत देऊन शिक्का मारून आणायचा. वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे, असा कायदा.

आता तुम्हीच सांगा, दोन-चार माणसांच्या घरगुती कंपनीत सभा घेतो कोण? नवरा-बायको मालक, ती काय स्वयंपाकघरात अध्यक्ष निवडणार? बाकीचे कारकून बसल्या जागी लिहून मोकळे होत, 'सभा सकाळी अकरा वाजता झाली, अध्यक्षांचे आभार मानून संपली.' चंद्रहास मात्र सभा डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नसत. एका प्लॅस्टिकवाल्याला तर त्यांनी कंपनीत भागीदार असलेल्या सासूच्या घरी, जेवणाच्या ताटावरून उठवून सभेला बसवलं होतं. साहेब वैतागत. घरी बायको आशालता म्हणे, "तुम्ही रजिस्ट्रारलाच दत्तक जा." चंद्रहास हसत आणि चपला घालून पुढच्या सभेला निघत. या कामात माणूस सुखी होता, अगदी मनापासून सुखी.

त्यांच्या जिवाला खरा घोर होता तो वसईतल्याच पाचूबंदरच्या बर्फाच्या कारखान्याचा. प्लासिड नावाच्या कोळ्याने उभी केलेली कंपनी. प्लासिड गेल्यावर मुलं डॉमनिक आणि नेल्सन संचालक झाली. शेअर चौघांकडे सारखे, दोन मुलगे, त्यांची आई मार्थाबाय आणि डॉमनिकची बायको रोझलीन. सभेला निदान दोन सभासद जातीने हजर हवेत, एवढीच अट. पण दोघे भाऊ एकाच बोटीवर, आणि सप्टेंबर म्हणजे मासेमारीचा भर! ऑगस्टमध्ये हिशेबावर सह्या करून जी बोट सुटे, ती आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी टेके. मग चंद्रहास महिनाअखेरीला बगलेत मिनिट्सची, म्हणजे सभेच्या नोंदींची वही मारून धक्क्यावर उभे. बोट आली की दोघांना अंगावरच्या खवल्यांसकट कारखान्याच्या खोलीत ओढायचं आणि पंधरा मिनिटांत सभा उरकायची. शेवटचा विषय दरवर्षी तोच, 'प्लासिड यांच्या रिकाम्या जागी तिसरा संचालक नेमणे.' आणि उत्तरही तेच, "पुडच्या वर्षी बगू, भाऊ."

अशी अकरा वर्षं निभावली. अठ्ठ्याण्णव साली मात्र फजिती झाली. तीस सप्टेंबर उजाडला तरी बोटीचा पत्ता नाही. वायरलेसवर निरोप आला, मासळी लांब पण चांगली लागली आहे, दोन तारखेला येतो. मुदतवाढ मागायची तर अर्जावर संचालकाची सही हवी, आणि संचालक समुद्रात!

"लिहून टाका हो," सकाळीच साहेब म्हणाले होते. "कोण बघायला येतंय? नाही लिहिलंत तर कंपनीवर केस होईल आणि नाव आपलं जाईल."

चंद्रहास कारखान्याच्या दारात पालथ्या क्रेटवर बसले. वही मांडीवर. इतक्या वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आणि आता पेन्शनीत निघायच्या वयात हात काळे करायचे? की मार्थाबायच्या कारखान्याला कोर्टाची पायरी दाखवायची? त्यांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं.

समोर रोझलीन फावड्याने बर्फ टेंपोत चढवत होती. पहाटे मशीन सुरू करण्यापासून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालेपर्यंत सगळं तीच बघे. मार्थाबाय बाजूला सुकट निवडत होती. ऐंशीची म्हातारी, पण नजर घारीसारखी.

"का रं भाऊ, त्वांड का असा उतारला?" तिने विचारलं.

"सभा राहिली, बाय. आज शेवटचा दिवस."

"किती मानसं लागतात तुज्या सभेला?"

"दोन. पण नुसती माणसं नाही चालत. कंपनीत शेअर असलेली हवीत."

मार्थाबायने सुपातली सुकट पाखडली. "मंग आमी दोगी कोन?"

चंद्रहासांनी कपाळावर हात मारला, तोही असा की टेंपोवाला दचकला. अहो, दरवर्षी या दोघींच्या नावाने सभेची नोटीस ते स्वतः टाइप करत होते! स्वतः रोझलीनच्या हातात देत होते, आणि वर तिलाच विचारत होते, "डॉमनिक कधी येतोय?"

रोझलीनने फावडं ठेवलं, हात पुसले, सासूला धरून आत नेलं, सगळ्यांसमोर चहा ठेवला. मार्थाबाय अध्यक्ष झाल्या. चंद्रहास हिशेब वाचून दाखवत असताना रोझलीनने त्यांना दोनदा थांबवलं. नव्या मशीनला वीज कमी लागते ना, मग बिल वाढलं कसं? चंद्रहासांनी बिलांची फाइल उपसायला घेतली; अकरा वर्षांत सभेत कोणी प्रश्न विचारलाच नव्हता. शेवटचा विषय आला.

"रोझलीनला कर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कारखाना तीच हाकते. अजून कवा, मी मेल्यावर?"

रोझलीन लाजली, मग म्हणाली, "आये, मना जमल का?"

"इतकी वर्सा काय करत व्हतीस मंग?"

ठराव मंजूर. चंद्रहासांनी वही उघडली. हजेरी कशी लिहायची ते बघायला मागचं पान उलटलं आणि त्यांचा हात थांबला. 'हजर: डॉमनिक, नेल्सन. गैरहजर: मार्था, रोझलीन.' त्याच्या मागच्या वर्षी तेच. त्याच्याही मागच्या वर्षी तेच. या दोघी तर दरवेळी दाराबाहेर, दहा पावलांवर असत! आत या म्हणून त्यांनीच कधी हाक मारली नव्हती.

"बाय," ते हळूच म्हणाले, "मी अकरा वर्षं खोटं लिहीत आलो." बोलताना त्यांचे डोळे भरून आले.

"मंग यंदा खरा लिव," मार्थाबाय म्हणाली. "आनि चाय घे, थंड झाली."

त्यांनी लिहिलं. मार्थाबायने चर्चच्या शाळेत शिकलेल्या गोल अक्षरांत सही केली.

दोन तारखेला बोट लागली. आठवडाभराने चंद्रहास विवरणपत्र घेऊन गेले. त्यावर दोन संचालकांच्या सह्या लागत. पहिली रोझलीनची आधीच झाली होती. डॉमनिकने ती निरखून पाहिली, हसला, आपली सही खाली केली. मग वही चाळता चाळता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ओ भाऊ, ह्ये काय? डॉमनिक, नेल्सन गैरहजर? आमी काय झोपलो व्हतो? समिंदरात कामाला व्हतो ना!"

"आमी पन कामालाच व्हतो," बाहेर बर्फ फोडता फोडता रोझलीन म्हणाली. "अकरा वर्सा."