शेवंताचा उजवा पुठ्ठा

फुलंब्रीच्या अप्पारावाची शेवंता म्हणजे काठेवाडी घोडी. हलगी वाजली की मागच्या दोन पायांवर उभी राहून अशी नाचायची, की नवरदेवाकडं कुणी बघायचंच नाय! सगळा जोर पुठ्ठ्यांचा. अप्पाराव रोज सकाळी तेल लावून त्यातला उजवाच कौतुकानं रगडायचा आणि येईल त्याला तीच बाजू दाखवायचा. "बघा, कसा भरलाय! दगड हाय दगड." फोटोसुद्धा उजवीकडूनच.

लेकीचं, तनुजाचं लग्न ठरलं. लहानपणापासून तिचं एकच टुमणं, माझ्या मांडवाच्या दारात शेवंता नाचली पाहिजे. अप्पारावानं अख्ख्या भावकीत सांगून ठेवलेलं.

लग्नाच्या आठवड्यात जनावरांची डॉक्टरीण प्रेरणा घोडीला इंजेक्शन द्यायला आली. ती घोडीच्या मागं जरा लांब उभी राहिली. "काका, इकडून बघा बरं."

अप्पारावानं मागं जाऊन बघितलं. शेपटीच्या उजवीकडं गरगरीत मांस, डावीकडं खड्डा.

"डावा पुठ्ठा झडलाय. उजवा दोघांचं ओझं ओढतोय, म्हणून फुगलाय. आता दोन पायांवर उभी केलीत, तर खाली बसेल ती उठायची नाही."

"आन् मी येडा त्याचंच कौतुक करीत बसलो!"

"माणसाचंबी तसंच करता तुमी," बायको, मनकर्णाबाई, गोठ्याच्या दारातनं म्हणाली. "राबतंय त्याला म्हणायचं, लई दणकट हाय."

घोडी वरातीपुढं नुसती चालवायची, एवढं अप्पारावानं मनाशी ठरवलं. लेकीला सांगायचा मात्र धीर झाला नाही.

वरात मांडवापाशी आली आणि हलगी कडाडली. घोडीला काय ठाऊक डॉक्टरीण काय म्हणाली ते! तिनं कान टवकारले, मागचे पाय पोटाखाली घेतले. अप्पारावानं एका हातानं लगाम खाली ओढला, दुसरा पंजा हलगीवर दाबून धरला. "बंद करा! बंद!"

"काका, सगळी मजा घालवली राव!" पोरं ओरडली.

हलगी का थांबली म्हणून मुंडावळ्या बांधलेली तनुजा बाहेर आली. अप्पारावाचे डोळे भरले. "बाई, हिचा डावा पुठ्ठा झडलाय. हिच्यानं व्हत नाय आता. तुला सांगायला मी भ्यालो."

तनुजानं डाव्या पुठ्ठ्यावर हात फिरवला. तळवा खड्ड्यात रुतला तशी ती रडायलाच लागली. मग तिनं बापाच्या हातातला लगाम घेतला. "चला पप्पा. माझ्यासंगं चालत येईल ती."

फोटोवाला सवयीनं उजवीकडं पळाला. अप्पारावानं त्याला हाक मारली, "ए बाबा, इकडं ये. आज डावीकडून काढ."