शिळं पाणी

माझ्या वडिलांनी माझे चार गोल्डफिश मारले. नातेवाईक म्हणतात, बिचाऱ्यांना कळलं नाही. मी तसं म्हणत नाही. पहिल्या दोघांच्या वेळी कळलं नव्हतं, हे मान्य. पुढच्या दोघांच्या वेळी मी त्यांना बसवून, हातवारे करून, आवाज चढवून सगळं समजावलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच केलं. हा माणूस जन्मभर असाच वागत आला आहे.

आम्ही थळचे, कोळीवाड्यातले. वडिलांची होडी होती. आमच्या घरात मासा यायचा तो मेलेलाच. त्याचे डोळे, कल्ले, खवले मला पाठ होते, पण मासा पोहताना कसा दिसतो हे मी अलिबागला एका दुकानाच्या काचेतून पहिल्यांदा पाहिलं, वयाच्या सोळाव्या वर्षी. त्याच वर्षी दहावीचा निकाल लागला होता आणि वडिलांनी सांगितलं होतं, पुरे झाली शाळा, आता मासळीची टोपली उचल. मी उचलली नाही. आईच्या बहिणीकडे अलिबागला राहिले, शिकले, परीक्षा दिल्या, सरकारी कचेरीत कारकून झाले. लग्न केलं नाही. किहीमच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. लहानपणी आम्ही वडिलांना अरे-तुरे करायचो. नोकरी लागल्यावर मी त्यांना 'तुम्ही' म्हणायला लागले. त्यात आदर नव्हता, अंतर होतं, आणि ते त्यांनाही बरोबर समजलं होतं.

आई गेली आणि भावाने थळच्या घराच्या पर्यटकांसाठी खोल्या केल्या. वडिलांची खाट मागच्या पडवीत गेली. महिनाभर त्यांनी ते सोसलं आणि एका सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "थोडं दिस ऱ्हातो," म्हणाले. मी दारातून बाजूला झाले, एवढंच. या म्हटलं नाही. ते थोडे दिवस दीड वर्ष चालले.

त्यांच्या सगळ्या सवयींचा मला राग यायचा. सगळ्यात जास्त पाण्याचा. आमच्या घरी रात्रीचं पाणी सकाळी शिळं होतं. आई असेपर्यंत हा नियम तिचा होता. उजाडलं की हंडा, कळशी, तांब्या, सगळं माडाच्या बुंध्याशी ओतायचं, घासायचं, ताजं भरायचं. पाण्याची कितीही टंचाई असो, शिळं पाणी तिने कुणाला पिऊ दिलं नाही. ती गेल्यावर हे काम वडिलांनी स्वतःकडे घेतलं. माझ्या घरी आल्यावरही साडेपाचला मोरीत भांडी आदळायला सुरुवात व्हायची. मी उशीत डोकं खुपसून दात-ओठ खायची. ऑफिसला न्यायची माझी बाटलीसुद्धा ते घासून भरून ठेवत. मी ती उचलायची आणि निघायची.

मग मी टाकी आणली. तीन फुटांची, काचेची. लोक गोल भांड्यात गोल्डफिश ठेवतात, तो नुसता छळ आहे. हा मासा खातो खूप, घाण करतो त्याहून जास्त, आणि हातभर वाढतो. दोन माशांना आठ बादल्या पाणी लागतं, फिल्टर लागतो, हवेचा पंप लागतो. हे मला अलिबागच्या दुकानदाराने सांगितलं, आणि मुख्य गोष्ट अशी सांगितली की टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. महिनाभर ती माशांविना रिकामीच चालवायची, रोज चिमूटभर खाणं टाकायचं. माशांच्या घाणीतून, कुजलेल्या खाण्यातून पाण्यात विष उतरतं. ते विष खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर हळूहळू धरतात. ते धरले की पाणी तयार झालं.

तो महिनाभर वडिलांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. शेजारीण आली की तिला सांगायचे, "आमची बाय पानी पालते. आता पानी अंडी घालल."

महिन्याने मी दोन मासे आणले, एक केशरी आणि एक पांढऱ्यावर तांबडे डाग असलेला. वडिलांनी वाकून पाहिलं. "खायाचं न्हाय, इकायचं न्हाय. मंग म्हावरं कशाला?"

"बघायला," मी म्हटलं.

"म्हावरं काय बघायचं?"

पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत मला दुसऱ्या कशानेही इतका आनंद दिला नव्हता. ऑफिसातून आले की मी पिशवी खांद्यावरून न उतरवता टाकीपुढे उभी राहायची. मासे वर यायचे, तोंड उघडझाप करायचे. ते खाण्यासाठी येतात, माझ्यासाठी नाही, हे मला माहीत होतं. चालत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी टाकी अशी चकचकीत होती की पाणी आहे की नाही कळू नये. केशरी मासा तळाशी आडवा होता, डागवाला वर येऊन हवा गिळत होता. सकाळपर्यंत तोही गेला.

"पानी शिलं झालतं," वडील म्हणाले. "तू कामाला गेलीस का रोज बदालतो."

चारही दिवस, पंच्याहत्तरीच्या या माणसाने आठ बादल्या पाणी काढून तगरीला घातलं होतं. खडे आणि स्पंज नारळाच्या शेंडीने, भांड्यांच्या पावडरीने घासले होते आणि नळाचं ताजं पाणी भरलं होतं, ज्यात ग्रामपंचायत जंतू मारायचं औषध घालते. त्यांना वाटलं होतं मी शाबासकी देईन. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. महिनाभराची मेहनत त्यांनी शेंडीने घासून काढली होती.

नंतर राग आवरून मी त्यांना बसवलं. सांगितलं, स्पंजवरचा बुळबुळीत थर हीच खरी टाकी. तो घासायचा नाही, फार तर टाकीच्याच पाण्यात पिळायचा. पाणी आठवड्यातून एकदा, तेही पाव भागच बदलायचं. भरायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवायचं, म्हणजे औषध उडून जातं.

"म्हंजे शिलं करून घालायचं," ते म्हणाले.

"हो. शिळं करून. समुद्राचं पाणी कोण बदलतं?"

"भरती-सुकती बदालते. दिसाला दोनदा."

भरतीचं त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचा मला आणखी राग आला. मी म्हटलं, "बाबा, आता पुन्हा एक जरी मासा तुमच्यामुळे मेला, तर तुम्ही थळला जायचं. मी दादाला फोन करीन." धमकी पोचली होती. थळच्या त्या पडवीचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा पडायचा, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ती दिली.

पुन्हा महिनाभर टाकी रिकामी चालवली. पुन्हा दोन मासे. या वेळी त्यांनी टाकीला बोट लावलं नाही. सकाळी मोरीत भांडी घासून झाली की टाकीपुढे उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. पाण्याला किंचित पिवळट झाक आली होती, काचेच्या कोपऱ्यात हिरवं धरलं होतं. त्यांच्या तोंडावर ओंगळ काहीतरी बघितल्याचे भाव असायचे. पण हात पाठीमागेच. दीड महिना असा गेला. मासे वाढत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, भीती घातल्याशिवाय हा माणूस ऐकत नाही.

मग माझं पनवेलला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. परत आले तेव्हा दुपार होती. अंगण झाडलेलं, ओटा धुतलेला, उंबरा पुसलेला. आत पाऊल टाकलं आणि आधी टाकीच दिसली. लखलखीत. दोन्ही मासे वर तरंगत होते.

वडील धुवट सदरा घालून बसले होते. आईच्या फोटोला हार होता, पुढे ताट वाढलेलं होतं.

"तिचा दिस हाय," ते म्हणाले. "आयशीच्या दिसाला घरात शिलं पानी कसा ठेवू?"

मी विसरले होते. आईचं दुसरं वर्षश्राद्ध त्या दिवशी होतं आणि सकाळी मी पनवेलला टेबलाशी चहा-बिस्किटं घेत बसले होते. त्यांनी आठवण का करून दिली नाही, असं विचारता आलं असतं. पण ते विचारणं म्हणजे विसरले हे कबूल करणं होतं. म्हणून मी जास्तच ओरडले. लाज वाटली की माणूस किती मोठ्याने ओरडू शकतो, ते मला त्या दुपारी समजलं. मी म्हणाले, तुम्हाला जिवंत काही सहनच होत नाही. म्हणाले, तुमच्या हाताला मारायचीच सवय. म्हणाले, माझं शिक्षणही तुम्ही असंच मारणार होतात. मग ताटाकडे न बघता भावाला फोन केला.

संध्याकाळी तो रिक्षा घेऊन आला. वडिलांनी पिशवी स्वतः भरली. जाताना फक्त मोरीत डोकावून हंडा झाकलेला आहे ना ते पाहिलं.

त्यानंतरची टाकी बघायला लोक येतात. तिसऱ्यांदा महिनाभर थांबून आणलेले दोन मासे आता वीतभर झाले आहेत. दर रविवारी मी दोन बादल्या पाणी काढते, शनिवारी उघड्या ठेवलेल्या दोन बादल्या घालते. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच, तेही भिजवून, म्हणजे पोट फुगत नाही. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून लांब सरकवते, कारण या माशाला आपल्याकडचा उकाडा सोसत नाही. वीज गेली तर बॅटरीचा पंप आहे. चुकायला कुणी उरलेलं नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी मी हंड्यातून पाणी प्यायले आणि तोंडातलं मोरीत टाकलं. पाण्याला वास येत होता. हंडा कधी भरला होता ते आठवेना. आत हात घातला तर कडेला बुळबुळीत लागलं, टाकीच्या स्पंजला लागतं तसं. तो मी घासला. घासताना मनात आलं की वडील होते ते दीड वर्ष या घरात मी एकदाही हंडा भरला नव्हता, आणि एकदाही शिळं पाणी प्यायले नव्हते.

त्या रविवारी मी थळला गेले. त्यांना आणायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. माफी मागायला नव्हे. माझा राग होता तिथेच होता आणि आजही आहे.

पुढच्या खोल्यांत पर्यटक होते, कुणीतरी मोठ्याने गाणी लावली होती. भाऊ त्यांच्या जेवणाच्या मागे होता. मागच्या पडवीत वडील खाटेवर बसले होते. खाटेखाली प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने लावलेल्या, पाहुणे टाकून जातात तसल्या. सहा-सात असतील. एक अर्धी, बाकी सगळ्या भरलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"पानी. तुझी वयनी शनवारी भरून ठेवते. आठवड्याचा." त्यांनी अर्धी बाटली उचलली, घोट घेतला, बूच लावलं. आज रविवार, म्हणजे ही कालची की मागच्या शनिवारची, ते मी विचारलं नाही. बाटलीच्या तळाला हिरवट कड दिसत होती.

"घरी चला," मी म्हटलं.

"कशाला?"

"हे असलं पाणी पिता?"

"तुझ्या म्हावऱ्यांना मानवतं न्हवं?" ते म्हणाले. "मना बी मानवलं."

ते टोमणा मारत होते की खरंच सांगत होते, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मी आणखी दोनदा म्हटलं, चला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज नेहमीसारखा चढला होता. ते म्हणाले, "एकदम सगला पानी बदालला का मरतं. तूच बोललीस." आणि समुद्राच्या बाजूला तोंड करून बसले.

मला तहान लागली होती. मी वाकून एक बाटली उचलली. बूच काढणार तोच त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. गुडघ्यांवर हात देऊन उठले. कोनाड्यातला पितळेचा पेला घेतला, आईचा होता तो. पडवीच्या पायऱ्या एकेक करत उतरले, माडाखालच्या नळावर गेले. पेला शेंडीने आतून-बाहेरून घासला, तीनदा विसळला. नळ थोडा वेळ नुसताच वाहू दिला, मग भरला, आणि दोन्ही हातांनी धरून परत आले.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पेला पुढे केला.

"तू ताजा पी," म्हणाले.

मी उभ्यानेच प्यायले. पेला त्यांनी परत घेतला, उपडा ठेवला आणि आपली अर्धी बाटली पुन्हा तोंडाला लावली.