पाचव्या माळेला दार ओढलं गेलं

खोटं कशाला बोलू, यंदा घट बसवताना माझं मन था‍ऱ्यावर नव्हतं. लेक इथे आयर्लंडमध्ये, एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर. सूनबाई शॅननच्या कारखान्यात इंजिनिअर. तिची बाळंतपणाची रजा संपली आणि आठ महिन्यांच्या चिनूला सांभाळायला मी बार्शीहून आले. तुळजापूर आमच्यापासून तासा-दीड तासावर, त्यामुळे आई भवानीला सोडून आल्यासारखं सारखं वाटायचं. इथे झेंडूचं एक फूल मिळेना. चार दिवस दुकानातल्या पांढऱ्या फुलांच्या माळा घातल्या, पण मनात यायचं, एवढा समुद्र ओलांडून ही येईल का माझ्या घटाला?

त्यात नंदादीपाची अडचण. इथल्या घरात छताला धुराची घंटी असते, फोडणी जरा करपली तरी बोंब मारते. सूनबाईने आधीच बजावलं होतं, "आई, दिवा तुम्ही समोर असाल तेव्हाच हं. आणि चिनू रांगायला लागलाय." मी हो म्हटलं. पण नवरात्रातला दिवा का कधी विझवतात? तो मी अखंड ठेवला, हॉलच्या कोपऱ्यात, घटाशेजारी, जमिनीवर. मुलांना वाटायचं, आई सकाळी पुन्हा लावते. मी त्यांचा समज तसाच राहू दिला. ही माझी पहिली चूक.

पाचवी माळ. दोघं कामावर गेली होती. चिनू हॉलमध्ये गादीवर झोपलेला. मी आंघोळ करून आले आणि बघते तर काय, सूर्य! आठवडाभर तोंड न दाखवलेला सूर्यनारायण समोरच्या कौलांवर लखलखत होता. मला काही सुचलंच नाही. तांब्या भरला आणि अनवाणीच अंगणात धावले. अर्घ्य देऊन होतंय न होतंय तोच वाऱ्याने मागे दार धाडकन लागलं.

इथली दारं लागली की आपोआप कुलूपबंद होतात. किल्ली आत, फोन आत, बाळ आत, दिवाही आत.

खिडकीशी गेले. काचेतून सगळं दिसत होतं. दाराच्या आवाजाने चिनू जागा झाला होता. रडला नाही हो, रडला असता तर बरं होतं. उपडा झाला, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला ज्योत दिसली. हसला आणि निघाला रांगत. मी काच बडवली, गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या. तो थांबायचा, माझ्याकडे बघून हसायचा, पुन्हा दिव्याकडे वळायचा. तेव्हा मी देवीला काही मागितलंसुद्धा नाही. एवढंच म्हटलं, माझ्या हातात काही उरलं नाही गं बाई, आता तूच बघ.

आणि मागून कुणीतरी धावत आलं.

समोरच्या घराच्या पन्हळी साफ करायला तीन माणसं आली होती, सासरा आणि त्याचे दोन जावई, हे मागून कळलं. त्यांतला थोरला, साठीचा, रुंद खांद्यांचा, पिकल्या मिशांचा, माझा आरडाओरडा ऐकून शिडी उचलूनच आला. तो मेक्सिकोचा, मी बार्शीची. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं तर नाहीच. मी नुसतं काचेकडे बोट केलं. त्याने एकदा आत पाहिलं, एकदा वर पाहिलं. वर न्हाणीघराची खिडकी उघडी होती. आंघोळीनंतर ती लावायची राहते म्हणून लेक रोज माझ्यावर चिडायचा! एका जावयाने शिडी धरली आणि हा वरती. दुखरे गुडघे, एवढीशी खिडकी, पण डोकं, खांदे, पाय करत आत गेलाच.

चिनूचा हात दिव्यापासून वीतभर होता, तेव्हा त्याला मागून अलगद उचललेलं मी पाहिलं.

मी दाराशी धावले. पण दार उघडेना. पुन्हा खिडकीशी आले. बाळाला काखेत घेऊन तो घटासमोर उभा होता. त्याने क्रुसाची खूण करत कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. मग बाहेर येताना हॉलचं आतलं दार हळूच ओढून घेतलं, आणि त्यानंतरच बाहेरचं उघडलं. चिनूला माझ्या हातात देऊन म्हणाला, "बेबी ओके. फायर ओके." वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून त्या माणसाने आधी आतलं दार लावलं होतं! त्याला कुणी सांगितलं होतं का, की हा दिवा विझवायचा नसतो?

मी चिनूला छातीशी धरून तिथेच पायरीवर बसले आणि पोटभर रडले. मग भानावर येऊन तिघांना आत बोलावलं. माझा उपास, घरात राजगिऱ्याच्या वड्याच होत्या. त्याने एक तुकडा तोंडात घातला आणि चावायचा थांबला. जावयांना काहीतरी भराभर सांगायला लागला, डोळे भरलेले. एका जावयाला इंग्रजी येत होतं, त्याने फोनवरून माझ्या लेकाला सांगितलं आणि लेकाने मला, की त्यांच्या गावीही राजगिरा लाह्या करून गोड पाकात थापतात. मातेओ त्याचं नाव. मातेओभाऊंची आई करायची. तिच्यानंतर ही चव आजच.

लेकाच्या कानावर सगळं आलंच होतं, पण संध्याकाळी सूनबाईसमोर मीच बसले. अखंड दिव्याचंही सांगून टाकलं. ती उठली. चिनूला घेऊन वर गेली. मला वाटलं, आता विश्वास गेला. अर्ध्या तासाने खाली आली, दोऱ्यात ओवलेली किल्ली माझ्या गळ्यात घातली. "आंघोळीलासुद्धा काढायची नाही. आणि देवी उद्यापासून ओट्यावर बसेल." मग स्वतःच परात आणून, त्यात पाणी घालून, मधोमध दिवा ठेवायला लागली. तेलही तिनेच घातलं.

आणि ऐका, सहाव्या माळेला सकाळी दारात मातेओभाऊ, हातात बादलीभर झेंडू! हो, झेंडू! त्यांच्याकडे नोव्हेंबरात पितरांसाठी झेंडू लागतो, म्हणून परसात प्लास्टिकच्या मांडवाखाली दरवर्षी लावतात. घटावर चार माळा झेंडूच्या चढल्या. ही येईल का, विचारत होते ना मी?

दसऱ्याला, रविवारी, त्यांनी जेवायला बोलावलं. तिथे कळलं, भाऊ वीस वर्षांपूर्वी एकटेच आले. अळंबीच्या शेडमध्ये अंधारात उभं राहून अळंबी खुडली, मग मांसाच्या कारखान्यात फरशा धुतल्या, तेव्हा कुठे चार वर्षांनी बायको-मुलींना आणता आलं. आता अकरा माणसं एका टेबलावर. सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय भाऊ घासाला हात लावत नाहीत. आणि घराबाहेर निघणारा कुणीही असो, उंबऱ्यात त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करून आशीर्वाद देतात. मुली, जावई, नातवंडं मुकाट मान पुढे करतात.

आपट्याचं पान कुठून आणू? त्यांच्या दारातल्या झाडाचं पिवळं पान उचललं आणि सोनं म्हणून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नीट खिशात घातलं. आम्ही निघालो. चिनूच्या कपाळावर खूण झाली, लेकाच्या, सुनेच्या. मी बाजूला सरकले. मी त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, आणि आमचा देव वेगळा.

भाऊ थांबूनच राहिले, अंगठा तसाच धरून.

वडील गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. घरात मीच थोरली, मीच सगळ्यांना आशीर्वाद देणारी, सगळं माझ्याच हातात, असं वाटायचं. गळ्यातली किल्ली चाचपली, आणि मान पुढे केली.