सरदारबाबाचा शेंदूर

जळकोटात सत्यभामाबाईला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. सरदारबाबा तिला पावला, तिचं मरणाला टेकलेलं पोरगं त्यानं उठवलं, ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही पाठ. ते पोरगं म्हणजे इंद्रजित. आता पन्नाशीचा, पोट सुटलेला. पण अमावास्येला बाबाच्या दगडापुढं पहिला नारळ त्याचाच. तो फुटला की लोक हात जोडत आणि बाई तोंड फिरवून घेई.

कारण सरदारबाबाला, म्हणजे केहरसिंगबाबाला, धडपणे ओळखणारी तेवढी तीच उरली होती. बिदरकडून आलेला हा गुरूचा शीख तिच्या सासऱ्याच्या बांधावर, हमरस्त्याकडेच्या लिंबाखाली बसला तो शेवटपर्यंत. काम एकच. रांजण भरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचं, मग तो ट्रकवाला असो की म्हशींमागचा गुराखी. नवी नवरी सत्यभामा विहिरीचं पाणी ओढून त्याला भरू लागायची. एकदा ती पाया पडायला वाकली, तर म्हातारा असा भडकला की विचारू नका.

"मेरे पाँव मत पड, बेटी. मी गुरूचा नोकर. तहानलेल्याला पाणी दे, मला सगळं पोचलं."

बाबा गेल्यावर काही दिवस रांजण तिनंच भरला. मग तान्ह्या इंद्रजितला ताप चढला, डोळे पांढरे झाले, डॉक्टरनं हात टेकले. आई म्हटल्यावर तिथं शहाणपण कुठलं टिकतं! बाबा बसायचा त्या दगडाला तिनं तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि पदर पसरला. पोरगं वाचव, हा शेंदूर जन्मभर उतरू देणार न्हाय.

ताप उतरला. गाव लोटलं. नारळ आले, अगरबत्त्या आल्या, पत्र्याची शेड आली. आता देवाच्या दारात चिखल कसा चालायचा? रांजण बाजूला सारला गेला, कधीतरी फुटला, आणि नवा आणायचं कुणालाच सुचलं नाही. सत्यभामालासुद्धा नाही. वाटसरू शेडमध्ये यायचे, हात जोडायचे आणि तहानलेलेच पुढं जायचे. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि गावापुढं तोंड उघडायची तिला लाज वाटली.

यंदा बिदरहून शीख मंडळी आली. केहरसिंगांच्या नावानं इथं छोटा गुरुद्वारा बांधायचा, जागेचा इतिहासही दारात लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पांढऱ्या दाढीचे गुरबचनसिंग दगडापुढं आले आणि शेंदराकडं वाकून बघू लागले.

"आमच्यात असं पुजत नाहीत," ते हळू म्हणाले. "हे कुणी केलं?"

"शेंदूर आपसूक आला दगडातनं," इंद्रजितनं ठोकून दिलं. गावात तसंच सांगत.

"खोटं हाय," सत्यभामा म्हणाली. "म्या फासला. पोरासाठी नवस बोलले व्हते. बाबा नको म्हणत व्हता, तरी म्या त्याचा देव केला, आन् त्याचं पाणी बंद पाडलं. लई पाप झालं माझ्या हातनं."

गुरबचनसिंग तिच्याशेजारी खाली बसले.

"मग माई, तुम्हीच खरवडा. आम्ही जबरदस्ती करणार नाही."

तिनं खुरपं मागून घेतलं. इतक्या वर्षांचा थर, भाकरीएवढा जाड. पहिला टवका निघाला, भुकटी उडाली, आणि मागं इंद्रजित खोकला.

धुळीचा खोकला होता. तिला ते कळत होतं. तरी तिनं खुरपं मागं घेतलं. पुन्हा खुरपं टेकवलं; इंद्रजित पुन्हा खोकला.

"आई, मला कायबी झालं न्हाय. कर तू."

बाईनं खुरपं टाकलं. मातीत पडलेला टवका उचलला, थुंकी लावून ओला केला आणि सगळ्यांदेखत, अंगठ्यानं, दगडावर होता तिथं परत दाबून बसवला.

"माफ करा, बाबा," ती दगडाकडं बघून हुंदके देत म्हणाली. "पोटचा हाय वो त्यो."